तेरा पाऊणे पावणेदहा

आम्ही पोहोचलो तेव्हा हॉटेलला नाव नव्हतं. ‘सागरमाया’ची जुनी अक्षरं भिंतीवरून उतरवली होती आणि त्यांच्या जागी फिकट खुणा उरल्या होत्या. ज्याला माहीत होतं त्याला ते नाव अजून वाचता येत होतं. नवी पाटी यायची होती. ‘जांभा अँड टाइड’ असं आता नाव असणार, असं नवा मॅनेजर गौरव म्हणाला. पुण्याहून आलेला, पस्तिशीचा, अदबीने बोलणारा माणूस. अर्धं हॉटेल बंद आहे, दिवसभर ठोकाठोक चालते, तुम्हाला त्रास होईल, असं त्याने फोनवर आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली आहेत, आवाजाची सवय आहे.

राजापूर तालुक्यातल्या शाळांतून शिकवून मी निवृत्त झालो. गेली अठरा वर्षं दर डिसेंबरात चार दिवस रत्नागिरीजवळच्या या किनाऱ्यावर येतो. हॉटेलचा पहिला मालक आत्माराम माझा विद्यार्थी. यंदा त्याने ते एका कंपनीला विकलं आणि तो मुलाकडे मुंबईला गेला. तो नसताना यावं की नाही, याचा मी विचार केला होता. पण नातीला शब्द दिला होता. सानिका बारा वर्षांची, डोंबिवलीला राहते, आणि कासवखडक पाहिल्याशिवाय तिची नाताळची सुट्टी पुरी होत नाही.

कासवखडक म्हणजे किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, दोनशे पावलांवर समुद्रात बसलेला काळा खडक. ओहोटीला त्याच्याकडे जाणारी दगडांची वाट उघडी पडते. वाटेच्या सुरुवातीलाच, वाळू संपते तिथे एक घळ आहे, तिच्यात घोट्याएवढं पाणी राहतं. पलीकडे खडकाच्या खाचांत छोटी छोटी डबकी, त्यांत खेकडे, तारामासे, कवड्या. पूर्ण ओहोटीच्या आधी एक तास ते नंतर दीड तास ही वाट चालता येते. त्यानंतर घळ भरते, आणि भरली की तिच्यात आडवी ओढ सुरू होते.

‘सागरमाया’ असताना हे कुणाला सांगावं लागत नसे. समुद्राकडच्या दारापाशी एक काळा फळा होता. हॉटेलचा रखवालदार धाकू रोज सकाळी त्यावर खडूने भरती-ओहोटीची वेळ लिहायचा. धाकूचं आधीचं सगळं आयुष्य होडीवर गेलेलं. त्याची वेळ कधी पाच मिनिटांनीसुद्धा चुकली नाही.

या वेळी तो फळा नव्हता. समुद्राकडच्या सगळ्या भिंतीला परांची आणि परांचीवर हिरवी जाळी होती, त्यामुळे खोलीतून ना समुद्र दिसत होता ना आकाश. समुद्राकडचं दार प्लायवूड ठोकून बंद केलं होतं. किनाऱ्यावर जायचं तर पार्किंगच्या कडेने, केतकीच्या बनाला वळसा घालून जावं लागे. धाकूला गणवेश आणि टोपी देऊन रस्त्याकडच्या फाटकावर उभं केलं होतं.

"काय धाकू, साहेब झालास," मी म्हटलं.

"टोपी टोचते गुरुजी," तो म्हणाला. "आणि इथून समुद्र दिसत नाय. दिवसभर गाड्या बघायच्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी सानिकाने विचारलं, "आबा, आज जाऊ खडकावर? मृणालीपण येते म्हणते." मृणाली ही गौरवची मुलगी, आठ वर्षांची. दोन दिवसांत ती सानिकाची सावली झाली होती.

"जायचं की नाही ते तू ठरव," मी म्हटलं. "वेळ काढता येते ना?"

तिने खिशातून फोन काढला. मी हात पुढे केला आणि फोन माझ्या खिशात ठेवला.

"फोन कशाला? धाकू काय फोन बघून लिहायचा? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊणकी पाठ आहे ना?"

"आहे. पण तिथी कुठली आज?"

मी बोटांवर मोजलं. आम्ही आलो त्या सकाळी न्याहारीला साबुदाण्याची खिचडी होती. आत्मारामची आई, सावित्रीबाई, हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळायची तेव्हापासूनचा तिथला नियम होता की खिचडी फक्त एकादशीला. पाहुण्याने कितीही मागितली तरी एरवी नाही. बाई गेल्यावरही आत्मारामने तो मोडला नव्हता. खिचडीची ताटली समोर आली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आज एकादशी वाटतं. काल दिवसभर आम्ही पालीला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे होतो. म्हणजे काल द्वादशी.

"आज त्रयोदशी," मी सांगितलं. "तेरा."

सानिकाने डोळे मिटले. "दहा पाऊणे साडेसात, अकरा पाऊणे सव्वाआठ, बारा पाऊणे नऊ, तेरा पाऊणे पावणेदहा." मग बोटांनी तास मोजले. "चार वाजता पूर्ण ओहोटी. म्हणजे तीनला जायचं. साडेपाचच्या आत परत."

"शाबास," मी म्हटलं. खरोखर मला फार बरं वाटलं होतं. पाऊणकी हल्ली कुणाला येत नाही.

गौरव मात्र विचारायला आला. "सर, दोघीच जातायत. सेफ आहे ना? आमचा टाइड चार्ट अजून छापून यायचाय."

"साडेपाचपर्यंत काळजी नाही," मी सांगितलं. "सानिका दर वर्षी जाते. मी इथून लक्ष ठेवतो."

माझा उजवा गुडघा वाळूत साथ देत नाही. व्हरांड्याच्या टोकाला जाळी एका जागी फाटली होती. तिथे खुर्ची ठेवली की खडकाचा शेंडा दिसायचा. वाट दिसत नसे, शेंडा दिसे. तीनला दोघी गेल्या. सव्वातीनला शेंड्यावर एक लाल आणि एक पिवळा ठिपका दिसला. मी हात हलवला, त्यांना दिसणं शक्य नव्हतं तरी.

साडेतीन होऊन गेल्यावर यमुनाबाई आली. स्वयंपाकघरात वीस वर्षं काम करणारी. तिच्या हातात झाकलेली ताटली होती.

"गुरुजी, जरा चव बघा. नवीन शेफ विचारतोय कशी झाली. आज त्याने कांदा घातलाय."

मी झाकण काढलं. साबुदाण्याची खिचडी.

"कांदा? आणि तू काय म्हणालीस त्याला?"

"मी काय म्हणणार. मी म्हटलं, मला चव बघायला सांगू नका, माझी आज एकादशी. कांदा घालून उपास सोडू काय?"

मी ताटली खाली ठेवली.

"एकादशी परवा झाली ना, यमुनाबाई? परवा सकाळी खिचडी होती."

"परवा नवमी होती, गुरुजी. खिचडी रोजच चाललीय. नवीन मेनूत घालायचीय ना, म्हणून सराव. काल शेंगदाणे कमी, आज कांदा. सावित्रीबाई असत्या तर त्या शेफला झाऱ्याने..."

पुढचं मी ऐकलं नाही. अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठ आणि सव्वासहा, अडीच. पूर्ण ओहोटी अडीचला होऊन गेली होती. पोरी गेल्या तेव्हाच पाणी फिरलेलं होतं. चारला घळ भरणार, आणि मी त्यांना साडेपाच सांगितले होते.

घड्याळात तीन बेचाळीस झाले होते. मी जाळीच्या फाटक्या जागेतून पाहिलं. शेंड्यावर कुणी नव्हतं.

"धाकूला बोलव," मी म्हटलं. "फाटकावरून. धावत जा. म्हणावं, पोरी खडकावर आहेत आणि गुरुजींनी वेळ चुकीची सांगितली."

यमुनाबाई माझ्याकडे एकदा बघून पळाली. साठीची बाई, पदर खोचून पळत गेली.

पार्किंगवरून वळसा घालायला मला पंधरा मिनिटं लागली असती. समुद्राकडच्या दारापाशी जायचं तर मधल्या दिवाणखान्यातून जावं लागत होतं. तिथे जमिनीवर नुकताच चकचकीत लेप ओतला होता आणि दाराला दोरी बांधली होती. मी दोरीखालून वाकून गेलो. चपला लेपात चिकटल्या, त्या तिथेच सोडल्या.

"आजोबा, ओलं आहे ते," पलीकडून एक कामगार ओरडला.

बंद दारापाशी बाबू सुतार काम करत होता. मी प्लायवूडवर हात ठेवला. "हे काढ."

"साहेबांची परवानगी..."

"दोन मुली खडकावर आहेत. पाणी चढतंय."

बाबूने पहार उचलली आणि फळीच्या कडेत घातली. पहिला खिळा करकरत निघाला. दुसरा निघेना. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तीन शेहेचाळीस.

गौरव आवाज ऐकून आला तेव्हा फरशीवरच्या माझ्या पावलांकडे बघतच आला. "कोण चाललं यावरून? सर, तुम्ही? आठवडा लागलाय या..." मग त्याने माझा चेहरा पाहिला. "काय झालं? मृणाली कुठे आहे?"

"खडकावर."

"साडेपाचपर्यंत काळजी नाही म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणालो. माझी तिथी चुकली. घळ आत्ताच भरत असेल."

"तिथी?" तो म्हणाला. त्या शब्दाचा आपल्या मुलीशी काय संबंध, हे त्याला कळत नव्हतं. समजावून सांगायला वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट न समजावता सोडली. त्याने बाबूच्या शेजारी उभं राहून फळीच्या फटीत बोटं घातली आणि दोघांनी मिळून ओढलं. फळी उखडून आली. बाहेरून ऊन आणि समुद्राचा वास एकदम आत आला.

समुद्र शांत होता. मोठ्या लाटा असत्या तर माणूस घाबरून आधीच मागे फिरतो. असं गुपचूप चढणारं पाणीच वाईट. मी किनाऱ्यावर आलो तेव्हा सगळ्यात आधी दगड बघितले. पाण्याच्या कडेचे दगड वरून कोरडे होते. पाणी उतरत असतं तेव्हा मागे राहिलेले दगड ओले दिसतात. कोरड्या दगडाला पाणी लागत असेल तर ते चढतंय. हेही मीच सानिकाला शिकवलं होतं, ती सात वर्षांची असताना.

"त्या बघा," गौरव म्हणाला.

दोघी खडकावर नव्हत्या. घळीच्या पलीकडच्या कडेला, वाटेतल्या एका सपाट दगडावर होत्या. मृणाली बसली होती, तिच्या एका पायाला सानिकाची पिवळी ओढणी गुंडाळलेली होती. सानिका तिला मागून कमरेला धरून उभी होती. आमच्या आणि त्यांच्यामध्ये तीस-चाळीस फूट रुंद पाणी होतं, आणि ते डावीकडून उजवीकडे वाहत होतं.

गौरव बूट न काढताच पाण्याकडे धावला. तेवढ्यात मागून धाकू आला आणि त्याने गौरवचा शर्ट धरला. त्याच्यामागे बाबू, दोन रंगारी आणि यमुनाबाई होते. धाकूची टोपी कुठेतरी पडली होती. त्याच्या खांद्यावर रंगाऱ्यांच्या झुल्याचा दोर होता.

"साहेब, पोहता येतं?"

"येतं. सोडा मला."

"इथं पोहायचं नाय. इथं चालायचं. पाय उचललात की गेलात. माझ्या मागं या, पाय घासत. मी थांबलो की थांबायचं." त्याने दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं बाबूकडे फेकलं. बाबू, दोन रंगारी आणि मी, आम्ही दोर धरला.

मी सानिकाला हाक मारली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज अजून शिल्लक होता. "सानिका. हलायचं नाही. धाकूमामा येतायत."

ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही.

धाकू घळीत उतरला तेव्हा पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत होतं. मधोमध कमरेपर्यंत आलं. दोर उजवीकडे ताणला जात होता आणि आमच्या हातांतून इंच इंच सरकत होता. एकदा गौरवचा पाय निसटला. त्याने धाकूचा पट्टा धरला आणि दोघेही क्षणभर वाकले, मग पुन्हा सरळ झाले. दगडापाशी पोचल्यावर गौरवने मुलीला उचलायला हात पुढे केले.

धाकू म्हणाला ते वाऱ्याने आमच्यापर्यंत आलं. "तुमी नको. तुमचा तोल नाय. माझ्या खांद्यावर द्या. एका वेळेला एकच."

एका वेळेला एकच. मी दोर घट्ट धरला. कोणती मुलगी आधी, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. सानिकानेच मृणालीला उचलून धाकूच्या खांद्यावर ठेवलं, तिचे हात त्याच्या कपाळावर नीट ठेवले आणि मागे सरकली. मग ती त्या दगडावर एकटी राहिली.

दगडावर पाणी आलं होतं. तिच्या घोट्यांना लागत होतं, ते मला इतक्या लांबून दिसत होतं. शिकवत होतो तेव्हा जैतापूरची खाडी तरीने ओलांडताना पोरं घाबरली की मी त्यांना पाढे म्हणायला लावायचो. आवाज ऐकू आला की पोर ठीक आहे हे कळतं. मी तोंड उघडलं, आणि पाढे म्हण, असं मला तिला सांगता येईना.

धाकू परत आला. मृणालीला यमुनाबाईने घेतलं. तिच्या पायाच्या तळव्याला दगडाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी चिरलं होतं, रक्त येत होतं, पण ती रडत नव्हती. धाकूने श्वास घेतला आणि लगेच वळला.

"साहेब, तुमी थांबा आता. तुमचं काम झालं."

"नाही," गौरव म्हणाला. त्याने मुलीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाण्यात उतरला.

या खेपेला पाणी धाकूच्या छातीला लागलं. दोर इतका ताणला की पुढच्या रंगाऱ्याचे पाय वाळूत रुतले. मधल्या जागी धाकू थांबला आणि बराच वेळ हललाच नाही. मग तो एक पाऊल सरकला, मग दुसरं. सानिका गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात ताठ उभी होती, हात पसरून, तोल धरून. त्याने तिला पाठीवर घेतलं. गौरव मागून तिची पाठ दाबून धरत आला, जणू ती त्याचीच मुलगी होती.

ते बाहेर आल्यावर मी दोर सोडला, पण माझे हात उघडेनात. बोटं तशीच वाकडी राहिली.

यमुनाबाईने दोघींना टॉवेलांत गुंडाळून व्हरांड्यात बसवलं. मृणालीचा पाय धुऊन पट्टी बांधली. गौरव तिच्या शेजारी जमिनीवर बसला होता, ओल्या बुटांसकट. मी त्याच्यापुढे उभा राहिलो.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "खिचडी बघून मी एकादशी धरली. पंचांग बघितलं नाही, धाकूला विचारलं नाही. हिच्याकडे फोन होता, तोही मी काढून घेतला."

"मी आत्ता काही बोलत नाही, सर," तो म्हणाला. "आत्ता नको." मग मुलीला उचलून तो आत गेला. त्याचं बरोबर होतं.

सानिका टॉवेलातून माझ्याकडे बघत होती.

"तुझा गुणाकार बरोबर होता," मी तिला म्हटलं. "तेरा पाऊणे पावणेदहाच. आकडा मी चुकीचा दिला."

"मला कळलं होतं, आबा."

"काय?"

"पाणी फिरलंय ते. दगड कोरडे होते आणि ओले होत होते. मी मृणालीला म्हटलंसुद्धा." ती टॉवेलची कड बोटाला गुंडाळत होती. "पण तुम्ही साडेपाच म्हणाला होतात. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून दहा मिनिटं थांबले. मग निघालो, तर घाईत तिचा पाय कापला."

चाळीस वर्षांत किती मुलं माझ्या शब्दावर अशी थांबली असतील, हे मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी आमचा निघायचा दिवस होता. सकाळी आठच्या सुमाराला मी उठून बाहेर आलो, तर समुद्राकडच्या दाराला प्लायवूड परत ठोकलेलं नव्हतं. दिवाणखान्याच्या वाळलेल्या लेपात माझी अनवाणी पावलं तशीच होती. बाबूने जुन्या सामानाच्या ढिगातून काळा फळा काढून दाराशी भिंतीला टेकवला होता. धाकू गणवेशातच, पण टोपी न घालता, दारात उभा होता.

"साहेबांनी सांगितलं, आजपासून इथं," तो म्हणाला.

सानिका माझ्यामागून आली. तिने फळ्याकडे पाहिलं. त्यावर काही लिहिलं नव्हतं. खडू धाकूच्या हातात होता.

"आज द्वादशी," ती म्हणाली. "आबा, बारा पाऊणे..."

"थांब," मी म्हटलं. "आधी धाकूमामाबरोबर खाली जा. पाण्याच्या कडेचे दगड बघून ये. ओले की कोरडे ते मला सांग. आकडा त्यानंतर."

धाकूने खडू तिच्या हातात दिला, आणि दोघं वाळूत उतरली.